या वेळी एकच सांगा

बद्रीनाथरावांना आयुष्यात आलेल्या पत्रांपैकी एकच पत्र बिनउत्तराचं राहिलं, आणि तेवढं एकच त्यांना तोंडपाठ होतं.

धारूरच्या वाचनालयात चौतीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढलेला हा माणूस. प्रकाशकाचं असो, सभासदाचं असो, जिल्ह्याच्या कार्यालयाचं असो, आलेल्या कार्डाला तिसऱ्या दिवसाच्या आत उत्तर गेलंच पाहिजे असा त्यांचा नेम होता. निवृत्त झाल्यावर पत्रं येणंच थांबलं, तेव्हा नेमही आपोआप निजला. आणि मग गेल्या दिवाळीच्या आधी आठ दिवस तलवाड्याहून एक आंतरदेशीय पत्र आलं. ते त्यांनी उभ्यानेच वाचलं, पुन्हा खुर्चीत बसून वाचलं, आणि शब्दकोशाच्या दोन खंडांच्या मधे ठेवून दिलं. रोज काढायचं, वाचायचं, परत ठेवायचं. असे अकरा महिने गेले.

पत्र वनमालाबाईंचं होतं. त्या पूर्वी धारूरच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका होत्या. ऐन तिशीत नवरा गेलेला, मूलबाळ नाही. बारा वर्षं दर शनिवारी शाळा सुटली की वाचनालयात यायच्या. येताना पायातल्या चपला उंबऱ्याबाहेर अगदी सरळ जोडून ठेवायच्या. बद्रीनाथराव आत टेबलाशी बसलेले असायचे, आणि त्या चपला दिसल्या की हातातलं रजिस्टर उगाच पुन्हा पहिल्यापासून तपासायला घ्यायचे. त्यांचं लग्न राहून गेलेलं. मुलगी बघायला गेले की तोंडातून शब्द निघायचा नाही, आणि परत येताना मामा म्हणायचे, अरे निदान नाव तरी विचारायचंस. वनमालाबाईंचं नाव विचारायची गरज नव्हती, ते सभासदांच्या यादीतच होतं. बाकी विचारण्यासारखं पुष्कळ होतं. ते बारा वर्षांत विचारून झालं नाही.

त्या यायच्या आणि म्हणायच्या, "काय वाचू?" बद्रीनाथरावांनी आठवडाभर विचार करून दोन पुस्तकं बाजूला काढलेली असायची. ती टेबलावर शेजारी शेजारी ठेवून ते एकाचे गुण सांगत, मग दुसऱ्याचे. "पण यातलं कोणतं?" असं त्यांनी विचारलं की खाली बघून म्हणत, "दोन्ही चांगली आहेत." मग त्या हसून दोन्ही न्यायच्या. एका कार्डावर एकच पुस्तक, असा वाचनालयाचा नियम होता. तो नियम बद्रीनाथरावांनी आयुष्यात त्यांच्यापुरताच मोडला. चौदा वर्षांपूर्वी त्या निवृत्त होऊन तलवाड्याला भावाच्या घरी राहायला गेल्या. जातानाच्या शनिवारीही दोन पुस्तकं नेली. ती परत आली नाहीत आणि बद्रीनाथरावांनी मागितलीही नाहीत. दोन पुस्तकं आपली तिकडे आहेत, एवढ्या गोष्टीचाही त्यांना आधार वाटत असे.

पत्र असं होतं:

"बद्रीनाथराव, सादर नमस्कार. इतक्या वर्षांनी लिहिते आहे, राग नसावा. मला स्तनाचा कॅन्सर निघाला आहे आणि तो पसरला आहे. मुळातून जाणार नाही, पण पुष्कळ दिवस दाबून ठेवता येईल असं डॉक्टर म्हणतात. माझ्या वयाच्या बायकांत यावर हार्मोनचे उपचार चालतात म्हणे. त्यांनी दोन सांगितले आहेत. एक, रोज एक गोळी. दुसरा, महिन्याच्या महिन्याला इंजेक्शन, ते संभाजीनगरच्या दवाखान्यात जाऊन घ्यायचं. विचार करून सांगा म्हणाले. मी विचार करायला बसले आणि तुमची आठवण झाली. तुम्ही नेहमी दोन पुस्तकं पुढे ठेवायचात आणि दोन्ही चांगली आहेत म्हणायचात. मी दोन्ही न्यायची. या वेळी दोन्ही नेता येत नाहीत. या वेळी एकच सांगा. गोळी घरी एकटीने घेता येते. इंजेक्शनला बरोबर कुणीतरी लागेल. ते कोण, हे अजून ठरलेलं नाही. वाट बघते. वनमाला."

खाली मोबाईलचा नंबर होता. बद्रीनाथरावांनी तो फोनमध्ये जतन करायला घेतला, पण नाव काय घालावं तेच कळेना. वनमालाबाई लिहिलं तर कसंतरीच वाटलं, नुसतं वनमाला लिहायला बोट धजेना. शेवटी त्यांनी 'तलवाडा' असं लिहून ठेवलं. त्या नंबरावर त्यांनी एकदाही फोन केला नाही. तोंडाने बोलायचं म्हटलं की त्यांची जीभ अजूनही जड व्हायची.

उत्तर मात्र द्यायचं होतं. नक्की द्यायचं होतं. पण माणसाच्या जिवाचा प्रश्न, तिथं आपण उगाच काहीतरी लिहायचं कसं? त्यांनी दोनशे पानी वही आणली, मधोमध रेघ ओढली, डावीकडे 'गोळी' आणि उजवीकडे 'इंजेक्शन' असं लिहिलं. झेरॉक्सच्या दुकानातून इंटरनेटवरचे कागद छापून आणले. इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेऊन ते एकेक ओळ सोडवत बसले. हळूहळू गोष्ट उलगडू लागली. हा आजार बाईच्या अंगातल्या एका हार्मोनवर पोसतो. पाळी गेल्यावर बीजकोश ते बनवायचं थांबवतात, पण शरीर चरबीतून वगैरे थोडं बनवतच राहतं. गोळी ते बनणंच बंद करते. इंजेक्शन वेगळं काम करतं, हार्मोन ज्या जागी चिकटतं ती पेशीतली जागाच मोडून टाकतं. बद्रीनाथरावांनी समासात लिहिलं: 'गोळी विहिरीवरची मोटर बंद करते, इंजेक्शन वाफ्याचं तोंड बुजवतं.' हे लिहून झाल्यावर त्यांना जरा बरं वाटलं, कारण असं सांगितलेलं वनमालाबाईंना आवडलं असतं.

पुढे आकडे लागले. दोन्ही औषधं शेजारी शेजारी ठेवून केलेला एक मोठा अभ्यास होता, अगदी त्यांच्या टेबलावरच्या पुस्तकांसारखा. गोळीने आजार सरासरी पावणेचौदा महिने थोपवला होता, इंजेक्शनने साडेसोळा. चला, मिळालं उत्तर, असं म्हणून त्यांनी आंतरदेशीय पत्र समोर ओढलं, आणि तेवढ्यात पुढच्या पानावर नजर गेली. आजार यकृतात किंवा फुप्फुसात गेला असेल तर फारसा फरक नाही. तो फक्त हाडांत वगैरे असेल तर फरक मोठा. वनमालाबाईंचा कुठे गेलाय? हे पत्रात नव्हतं. विचारायचं तर पत्र लिहायला हवं, आणि पत्रात आजाराच्या नावातला तो पहिला शब्द लिहायला हवा. पंच्याहत्तरीच्या माणसाचा हात त्या एका शब्दाशी अडला. 'तो आजार' असं लिहून पाहिलं, ते चोरट्यासारखं वाटलं. कागद फाडला. दुसऱ्या आठवड्यात नवे कागद आणले. दोन्ही औषधांनी सांधे दुखतात, अंगातून वाफा निघतात. गोळीने हाडं ठिसूळ होतात. इंजेक्शनाच्या रकान्यात 'गैरसोयी' असा मथळा देऊन त्यांनी सुंदर अक्षरात तीन ओळी लिहिल्या: 'एक, लांबचा प्रवास. दोन, सोबत लागते. तीन, सुईची जागा दुखते.'

वही भरत गेली. दोन्ही रकाने जवळजवळ सारखेच लांब झाले. दिवाळी झाली, संक्रांत झाली, पाडवा झाला. आता इतक्या उशिरा काय लिहायचं, ही नवी लाज त्या जुन्या लाजेवर येऊन बसली. एव्हाना त्यांनी काहीतरी सुरू केलंच असेल, डॉक्टरांपुढे आपण कोण, असं ते स्वतःला समजावत. आणि रोज सकाळी शब्दकोशाचे खंड बाजूला सारून पत्र काढत.

गणपती उठल्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी दुपारी दारात पस्तिशीची एक बाई उभी राहिली. हातात कापडी पिशवी. म्हणाली, मी सायली, तलवाड्याची, वनमालाआत्याची भाची. एका लग्नाची बोलणी करायला धारूरला आले होते, आत्याने ही दोन पुस्तकं तुमच्याकडे पोचती करायला सांगितली आहेत. वाचनालयात गेले तर तिथल्या नव्या माणसाने घरचा पत्ता दिला.

बद्रीनाथरावांनी पुस्तकं हातात घेतली. वर नवं खाकी वेष्टन घातलेलं होतं. चौदा वर्षांपूर्वी गेलेली तीच ती दोन पुस्तकं. माणूस घेतलेल्या वस्तू अशा पोचत्या करायला लागतो तो कशासाठी, हे न कळण्याइतके ते भोळे नव्हते. त्यांनी कसंबसं विचारलं की बाई कशा आहेत.

सायली बसली, पाणी प्यायली आणि सांगू लागली. आजार हाडांत होता, फक्त हाडांत. गोळी चालू केली तेव्हा चांगला गुण आला होता. आत्या अंगणात पुन्हा भाजी लावायला लागली होती. आठ महिने बरे गेले. गेल्या महिन्यात तपासणी केली तर हाडांतले डाग वाढलेले. आता डॉक्टर म्हणतात गोळीचं काम संपलं, इंजेक्शन घ्या. एका वेळी दोन, दोन्ही कुल्ह्यांत एकेक. पहिल्यांदा पंधरा पंधरा दिवसांनी, मग महिन्याला. दवाखान्यातून मिळण्याची सोयही झाली आहे. अगदीच येणं जमत नसेल तर दुसऱ्या जातीची गोळी देतो, पण माझं मत इंजेक्शनचं, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. बारा तारीख दिली आहे.

"आत्या म्हणती, दुसरी गोळी द्या, न्हाईतर तीबी नको," सायली म्हणाली. "मी येते म्हणलं, तर म्हणती तुझी अंगणवाडी कोण बघंल. माझा भाऊ जीवन येतो म्हणला, तर म्हणती पुरुष माणूस, पोराच्या वयाचा, त्याला घेऊन मी तिथं कशी बसू. कुणाच्या अंगावर पडायचंच न्हाई असं ठरवूनच बसलीय."

मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली, अगदी सहज, जशी घरातली एखादी विचित्र गोष्ट परक्याला सांगावी तशी. गेल्या दिवाळीत डॉक्टरांनी औषध सुरू करा म्हटलं, तर आत्याने दीड महिना काही घेतलंच नाही. कुणाला तरी पत्र लिहिलं होतं म्हणे. पोस्टमन यायच्या वेळेला ओट्यावर जाऊन बसायची. कुणाला लिहिलंय ते काही सांगितलं नाही. शेवटी एका सकाळी स्वतःच उठली आणि म्हणाली, आणा ती गोळी.

मला लिहिलं होतं, एवढे तीनच शब्द बोलायचे होते. बद्रीनाथरावांनी त्याऐवजी हातातल्या पुस्तकांचं वेष्टन सारखं केलं. सायली नमस्कार करून गेली, तेव्हा त्यांना उठून दारापर्यंत जाणंही सुधरलं नाही.

ती गेल्यावर त्यांनी पुस्तकं उघडली. पहिलं वाचून झालेलं होतं, शेवटच्या पानावर पेन्सिलीने तारीख होती, ती चौदा वर्षांपूर्वीची. दुसऱ्यात मात्र एकशे बाराव्या पानावर वाचनालयाचीच जुनी पावती खूण म्हणून घातलेली. पुढची पानं तशीच कोरी करकरीत. हे पुस्तक बाईंनी अर्ध्यावर का सोडलं असेल? ते वाचून संपलं असतं तर परत करावं लागलं असतं. हा विचार मनात आला आणि बद्रीनाथरावांनी तो लगेच खोडला. असलं काही आपण धरून चालू नये. पण खोडलेला विचारही वाचता येत होता.

ते वही घेऊन उठले आणि शेजारी अकबरी सिस्टरकडे गेले. अकबरी म्हणजे गावाच्या सरकारी दवाखान्यात बत्तीस वर्षं नोकरी केलेली नर्स. निम्म्या धारूरला तिने सुई टोचलेली, त्यामुळे तिच्यापुढे कुणाचा मोठेपणा चालत नसे. ती ओट्यावर सुपात डाळ घेऊन निवडत होती. तिचा नवरा रहमतुल्ला, बद्रीनाथरावांचा शाळासोबती, गाड्यावर विकायच्या सीताफळांनी वेताचा मोठा हारा भरत होता. त्याने वहीकडे पाहून विचारलं, "काय बे बद्री, ह्या वयात परीक्षेला बसतो का काय?"

बद्रीनाथरावांनी आज पहिल्यांदा सगळं सांगितलं. पत्र, वही, साडेसोळा महिने, पावणेचौदा महिने, आता नव्याने आलेला प्रश्न. दुसऱ्या जातीची गोळी आणि इंजेक्शन यांचीही तुलना त्यांनी मागेच वाचून ठेवली होती. एका जुन्या अभ्यासात दोन्ही सारखीच उतरली होती. नंतर इंजेक्शनाचा डोस दुप्पट केला, तेव्हा ते जरा सरस ठरलं. हे सारं सांगताना त्यांचा आवाज स्थिर होता. वाचलेलं सांगताना तो नेहमीच स्थिर असे.

अकबरीने चष्मा पुसून वही घेतली. दोन्ही रकान्यांवरून बोट फिरवत ती हळूहळू खाली आली आणि एका ओळीशी थांबली.

"हे 'सोबत लागते' तुमी गैरसोयीत कावून लिवलं?"

बद्रीनाथरावांना प्रश्नच कळला नाही. ते म्हणाले, बाईंनीच तसं कळवलं होतं. बरोबर कुणीतरी लागेल, ते कोण हे ठरलेलं नाही.

अकबरीने डाळीचं सूप बाजूला ठेवलं. "बद्रीभाऊ, बत्तीस वर्सं सुया दिल्या म्या. कंची दवा चांगली, हे एका बाईनं इचारलं न्हाई मला. इचारायच्या येवढंच, सिस्टर, सुई झाल्यावर उभं ऱ्हाता यील का, आन घरी कोन नेईल? ही तुमची दवा तेलकट हाय म्हन्ता. जड असती ती, हळू हळू द्यावी लागती. दोन्हीकडं टोचल्यावर बाई धड ह्या कडंवर बसत न्हाई, त्या कडंवर न्हाई. आन मंग यस्टीत दोन-अडीच घंटे." तिने वही मिटून परत दिली. "त्या बाईनं तुमाला दवाचं इचारलंच न्हाई. दवाचं इचारायला डाक्टर हाय तिच्याकडं."

रहमतुल्ला सीताफळाच्या हाऱ्यावर कडुनिंबाचा पाला पसरत होता. तो आता काही चेष्टा करेल असं बद्रीनाथरावांना वाटलं. पण तो खाली बघूनच म्हणाला, "चौदा साल जिनं तुझी किताब सांभाळली, तिला तू आकडे काढत बसलास व्हय."

बद्रीनाथराव वही घेऊन घरी आले. पत्र काढलं. तोंडपाठ असलेलं पत्र त्यांनी पुन्हा वाचलं, बोट ठेवून, पहिलीतल्या मुलासारखं. गोळी घरी एकटीने घेता येते. इंजेक्शनला बरोबर कुणीतरी लागेल. ते कोण, हे अजून ठरलेलं नाही. वाट बघते. तीनशे वेळा वाचलं असेल. तीनशे वेळा त्यांची नजर 'एकच सांगा'वर थांबली होती आणि तिथून थेट वहीकडे गेली होती. उरलेल्या चार ओळी त्यांना मजकुराच्या शेवटी येणाऱ्या इकडच्या तिकडच्या गोष्टी वाटल्या होत्या. आणि त्या चार ओळी लिहायला त्या बाईला किती जड गेलं असेल, हे सगळ्या जगात त्यांच्याइतकं कुणाला कळायला हवं होतं?

संध्याकाळपर्यंत चार कागद फाटले. पहिल्यात क्षमा फार झाली. दुसऱ्यात आकडे आले. तिसऱ्यात शनिवारच्या चपलांबद्दल लिहून गेलं, ते वाचून त्यांचे कान तापले. चौथा चांगला होता, पण त्याच्या शेवटी 'अर्थात निर्णय तुमचा, दोन्ही उपचार आपापल्या परीने चांगले आहेत' असं हाताने सवयीने लिहून टाकलं. पाचवा कागद त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी, अंघोळ करून, एका बैठकीत लिहिला आणि पुन्हा वाचला नाही. पुन्हा वाचला असता तर तोही फाटला असता.

"वनमालाबाई, सादर नमस्कार.

तुमच्या पत्राचं उत्तर द्यायला अकरा महिने लागले. कारण सांगण्यासारखं नाही. तुम्ही दीड महिना वाट पाहिलीत हे मला काल कळलं.

इंजेक्शन घ्या. डॉक्टरांचं मतही तेच आहे, आणि स्तनाचा कॅन्सर फक्त हाडांत असेल तर हे औषध चांगलं काम करतं असं मीही वाचलं आहे. त्याची खात्री माझ्यापेक्षा त्यांना जास्त. मला खात्री आहे ती दुसऱ्या गोष्टीची. सोबत मी येतो.

अकरा तारखेला मी बीडला मुक्कामाला येईन, म्हणजे सकाळची गाडी चुकायची भीती नाही. बारा तारखेला सकाळी आठ वाजता तुमच्या जवळच्या गेवराईच्या स्टँडवर, संभाजीनगरच्या गाड्या लागतात तिथे उभा असेन. बसायला मऊ उशी आणतो, सिस्टरने सांगितली आहे. तुमचं एक पुस्तक एकशे बाराव्या पानावर राहिलं आहे, तेही आणतो. दवाखान्यात पुष्कळ वेळ बसावं लागतं म्हणतात.

या पत्राला उत्तर नको. यायचं मनात नसेल तर येऊ नका. मी थोडा वेळ थांबून परत जाईन, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तिथेच येईन.

बद्रीनाथ."

पत्ता लिहून त्यांनी पत्राच्या कडा चिकटवल्या आणि टोपी घालून निघाले. कोपऱ्यावर रहमतुल्लाचा गाडा होता. त्याने बद्रीनाथरावांच्या हातातलं निळं आंतरदेशीय पाहिलं आणि गाडा जरा मागे ओढून वाट करून दिली.

पोस्टाच्या भिंतीवरच्या लाल पेटीवर डाक काढायची वेळ लिहिली होती, सकाळी साडेअकरा. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. आज तीन तारीख. तलवाड्याला पोचायला फार तर चार दिवस. पोस्टमन यायच्या वेळेला त्या अजून ओट्यावर बसत असतील का? आता नसतील. अकरा महिने कोण बसतं? मग पत्र कुणाच्या हातात पडेल? सायलीच्या? तिने आधी वाचलं तर?

पेटीच्या तोंडाशी त्यांचा हात थांबला. मागून एक म्हातारी बाई आली आणि पेटीला टेकून चपलेतला खडा काढू लागली. खडा काढून झाल्यावर तिने विचारलं, "टाकताव का बाबा, का न्हाई?"

"टाकतो," बद्रीनाथराव म्हणाले, आणि पत्र आत पडल्याचा आवाज त्यांनी ऐकला.